गावातील १९७१ च्या जवानांच्या आठवणी कशा नोंदवून ठेवाव्यात?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे ‘जंगी पलटणी’त शिपाई होते आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील, आताच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत प्रत्यक्ष होते. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या प्रजासत्ताक दिनी गावाने त्यांचा सत्कार केला. सकाळी साडेसातला कोट आणि पदके घालून त्यांना शाळेच्या पटांगणात आणून बसवले, पावणेदहाला त्यांचे नाव पुकारले आणि शाल, नारळ, गुलाबाचे रोप व छायाचित्र हे सगळे मिनिटभरात उरकले. त्यानंतर पाहुण्यांनी ‘आपल्या वीर जवानां’विषयी अर्धा तास भाषण केले, त्यात पलटणीचे नावही चुकवले, आणि ज्यांच्याविषयी ते बोलत होते त्यांच्या हाती माईक द्यावा असे कोणाच्याही मनात आले नाही. घरी आल्यावर तात्यांनी शालीची घडी घालून ती कपाटात ठेवली. तिथली ती अकरावी शाल आहे.

त्या दिवशी मी ठरवले की त्यांच्याकडून सगळे ऐकून घ्यायचे. मोबाईल उशीला टेकवून ठेवला, चित्रीकरण सुरू केले आणि म्हणालो, “तात्या, लढाईचं सांगा.” ते एकदम ताठ झाले, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि चक्क हिंदीत, साहेबापुढे हजेरी द्यावी तसे, नंबर, हुद्दा, कंपनी, भरतीची तारीख असे क्रमाने सांगू लागले. चार मिनिटांत संपले. मोबाईल बंद केला, काकींनी चहा आणला, आणि मग त्याच तात्यांनी काकींना मराठीत सांगितले की नदीकाठच्या त्या वाळूची थंडी बुटाच्या तळातून वर चढायची आणि अशी थंडी त्यांनी जन्मात पुन्हा अनुभवली नाही. ते मात्र कुठेच नोंदले गेले नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, असे तिथला स्मृतिस्तंभ सांगतो. आकडा दगडात कोरलेला असल्यामुळे तो टिकला. त्या लढाईतून परत आलेल्यांनी ओसरीवर बसून काय सांगितले, ते मात्र ऐकणाऱ्यांबरोबर गेले. १९७१ च्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून विचारतो की अशा माणसाला बोलते कसे करावे, काय विचारावे आणि नोंदलेले जपावे कुठे?

माणदेशी

“लढाईचं सांगा” हा प्रश्न फारच मोठा आहे, तो विचारूच नये. माझ्या आजोबांच्या बाबतीत मीही हीच चूक वर्षभर करत होतो. “भीती वाटली का?” असे विचारले की “जवानाला कसली भीती?” एवढेच उत्तर यायचे. मग एकदा सहज विचारले की त्या दिवशी सकाळी लंगरमधून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, काय आले होते. त्यावर ते पाऊण तास बोलले. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी कागदात बांधून कशी दिली, ती दोन दिवस कशी पुरवली, पुढे शकरपाऱ्यांवर कसे काढले, आणि भाजीचा वास घेताच उलटी झालेला शेजारचा पोरगा त्या रात्री कसा गेला, हे सगळे त्या पुऱ्यांच्या मागोमाग आपोआप आले.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रंक. प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी माळ्यावर ती काळी पत्र्याची ट्रंक असतेच, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव घातलेले असते. ती त्यांच्या समोर उतरवा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. माळ्यावर स्वतः चढू देऊ नका, एवढे मात्र पाहा. आमच्याकडे तसा प्रसंग होऊन गेला आहे.

निवृत्त सिग्नलर

मी स्वतः माजी सैनिक आहे, त्यामुळे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन, ७ डिसेंबरला ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिन असे सन्मानाचे दिवस ठरलेले आहेत आणि आम्हाला त्यांचे वाईट वाटत नाही. शाल घेताना बरे वाटते, खोटे कशाला बोलू? परंतु व्यासपीठावर बसलेल्या माणसाला ठाऊक असते की लोकांना त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकायची आहे, ती म्हणजे त्याने किती मारले. ज्याचे काम तारा ओढण्याचे, पाणी वाहण्याचे, खेचरे सांभाळण्याचे किंवा रात्रभर ट्रक हाकण्याचे होते, त्याला वाटते की आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, म्हणून तो गप्प बसतो. माझी स्वतःची संपूर्ण लढाई कानाला फोन लावून गेली. तुटलेली लाईन अंधारात बोटांनी चाचपत किती अंतर चालावे लागते, हे मला घरच्यांनी कधी विचारलेले नाही.

गुप्ततेविषयी बऱ्याच जणांच्या मनात धास्ती असते. सांकेतिक शब्द, आजही तिथेच असलेल्या चौक्या आणि यंत्रणा यांविषयी कोणी विचारू नये आणि कोणी सांगूही नये, हे सरळ आहे. मात्र अर्धशतकापूर्वीच्या लढाईत आपण काय पाहिले, काय खाल्ले, कोण शेजारी होते, हे सांगण्यात काही वावगे नाही. संरक्षण मंत्रालयानेच जून २०२१ मध्ये असे धोरण जाहीर केले की युद्धविषयक कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुली व्हावीत आणि मोहिमेचा इतिहास पाच वर्षांत संकलित व्हावा.

दोन सूचना. शक्य असेल तर दोन जुन्या सोबत्यांना एकत्र बसवा, कारण ते एकमेकांच्या चुका काढतात आणि त्या भांडणातून जे बाहेर येते ते एकट्या माणसाकडून कधीच येत नाही. आणि माणूस तोफखान्यातला असेल तर कोणत्या कानाने ऐकू येते ते आधी विचारून त्या बाजूला बसा.

जुनी दप्तरे

निवृत्त सिग्नलर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी कागदांच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण तोंडी आठवण आणि कागद एकत्र असले तरच पुढच्या पिढीला त्यांचा उपयोग होतो.

सर्वांत आधी डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची तारीख, पलटण, बदल्या, पदके हे सगळे त्यात असते आणि मुलाखतीला बसण्यापूर्वी ते वाचलेले असले म्हणजे समोरच्या माणसालाही वाटते की हा पोरगा तयारी करून आला आहे. त्यानंतर पदके पाहा. ‘पूर्वी स्टार’ असेल तर माणूस पूर्व आघाडीवर होता, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेकडे, आणि ‘संग्राम मेडल’ही त्याच युद्धाचे. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. त्याचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्या आणि कृपा करून पदके चिंचेने किंवा ब्रासोने घासून लखलखीत करू नका, त्यात कडेवरची अक्षरे झिजतात.

आता हे सगळे कशासाठी, याचे एक उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटच्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराचे. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतील बाकी सारे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, बाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांची ज्ञात समाधी नाही, कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे. त्यांच्याविषयी आपल्यापाशी मुख्यतः मानपत्राचा तो एक परिच्छेद आहे आणि त्याहून अधिक त्यांच्या तोंडून मिळणे शक्यच नव्हते.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी अधिकाऱ्याला आणि आणखी एकाला पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणले, शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने मोडून काढली, आणि नदीच्या बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. हे कंपनीचे रनर होते, निरोप्या. ते जगले, गावी परतले आणि १९८४ साली वारले. म्हणजे चाळीस वर्षांत एक कमी एवढा काळ हा माणूस आपल्यात होता, एसटीने जात-येत होता, आणि कोणालाही त्यांच्यासमोर बसून “नदीचं पाणी किती होतं?” असे विचारता आले असते.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. फाइलला ‘नवीन १’ असे नाव देऊ नका. तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर असावी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० सालापासून माजी सैनिकांच्या मुलाखती जमवण्याचा उपक्रम चालवला आहे आणि त्यात नातवंडांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही मुलाखत घेऊन पाठवू शकतो, फक्त ती किमान ३० मिनिटांची असावी लागते. आपल्याकडे गावाच्या वाचनालयाने एवढे केले तरी पुष्कळ होईल.

रानजाई

धाग्यात आतापर्यंत सगळे पुरुषांविषयी बोलत आहेत, म्हणून थोडे माझ्या आईविषयी.

वडील गेले तेव्हा मी लहान होते, त्यामुळे त्यांची मुलाखत घेण्याचा प्रश्नच नव्हता. आई मात्र आहे आणि १९७१ चा हिवाळा तिला दिवसागणिक आठवतो. वडिलांची पत्रे ‘९९ एपीओ’ या सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावरून यायची. त्या पत्त्यावरून माणूस पूर्वेकडे आहे एवढेच जाणकाराला कळायचे, आईला तेही ठाऊक नव्हते. तिला वाटायचे की नव्व्याण्णव हा घराचा नंबर आहे. पोस्टमन वाडीच्या चढावर सायकल ढकलत येताना दिसला की ती आधी त्याच्या हाताकडे पाहायची, कारण तार असली की तो ती पिशवीत न ठेवता हातात धरून आणायचा, असे तिने शेजारणीकडून ऐकले होते. डिसेंबरातले ते दोन आठवडे तिने दारातले झाडणे-सारवणे पोस्टमनच्या वेळेआधी उरकले, म्हणजे तो येईल तेव्हा आपण घरात असू आणि तो सरळ पुढे निघून जाईल.

वडिलांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे पत्रे दुसऱ्याच कोणाच्या हातची आहेत. अक्षर फार सुंदर आहे. आईला वाचता येत नव्हते, तिला ती शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे. म्हणजे नवरा-बायकोच्या बोलण्यात दोन परके पुरुष मध्ये, आणि त्यामुळे काय लिहायचे राहिले असेल ते आई अजूनही हसत सांगते. तिची गोष्ट कोणी वीरगाथा म्हणून ऐकणार नाही, परंतु मी ती नोंदवली आहे आणि इतरांनीही घरातल्या बायकांना वेगळे, एकटे बसवून विचारावे. नवऱ्यासमोर त्या “ह्यांनाच विचारा” म्हणतात.

सागरवेळ

माझे वडील नौदलात होते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. वडील त्या नौकेवर आधी काम करून गेलेले होते, बदली झाल्यामुळे वाचले. दीवच्या स्मारकात काचेत ठेवलेली खुकरीची प्रतिकृती आहे. मी त्यांना तिथे नेले तेव्हा ते तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग एका जागी बोट ठेवून म्हणाले की इथे खाली आमची झोपायची जागा. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

म्हणून वरील सर्व सूचनांना एक जोड देतो. माणूस थांबला की थांबावे. रेकॉर्डर चालू आहे म्हणून त्याला पुढे ढकलू नये.

चौकस

उपक्रमाला विरोध नाही, परंतु दोन शंका मांडतो, त्या कोणी व्यक्तिगत घेऊ नयेत.

पन्नास वर्षांनंतरची आठवण ही पुष्कळदा नंतर वाचलेल्या, चित्रपटात पाहिलेल्या आणि सोबत्यांकडून ऐकलेल्या गोष्टींची मिळून बनते. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी, तेही जमालपूरलाच होते, मला सांगितले की त्यांनी टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरताना पाहिले. २ पॅरा (मराठा) ही पलटण ११ डिसेंबरला टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी उतरली हे खरे आहे, परंतु जमालपूर तिथून साठाहून अधिक किलोमीटर दूर. मग हे इतिहास म्हणून नोंदवायचे का? दुसरी शंका अशी की घरचा माणूस मुलाखत घेत असेल तर तो आपल्या आजोबांना खोटे ठरवणार नाही, आणि मग प्रत्येक गावात एक दंतकथा तयार होईल.

जुनी दप्तरे

चौकस यांची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर न नोंदवणे हे नव्हे. सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नये, जसे सांगितले तसे ठेवावे आणि खाली आपली टीप द्यावी की पलटणीच्या इतिहासात तारीख अशी आहे. दोन्ही शेजारी राहू द्यावे. पलटणींच्या युद्ध-रोजनिशीत कूच केव्हा झाली ते सापडेल. बुटाच्या तळातून चढणारी थंडी तिथे सापडणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या वाटेने विचारून पाहावा, पुष्कळ गाठी तिथेच सुटतात.

जाता जाता, ही २ पॅरा म्हणजे पूर्वीची मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण, म्हणजेच वर उल्लेख केलेल्या यशवंत घाडगे यांची.

दूरदेशी

मी इटलीत असतो. जुनी दप्तरे यांनी घाडग्यांचा उल्लेख केला म्हणून सांगतो की उंब्रिया प्रांतातील मोंतोने या डोंगरावरच्या गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याच्याशी जोडलेले आहे. मी गेलो तेव्हा बाकावर बसलेल्या एका वृद्धेला मी माणगावच्या बाजूचा आहे असे सांगितले. तिला ते गाव कुठे हे अर्थातच कळले नाही, परंतु नाव मात्र तिने ‘याश्वांत’ असे स्पष्ट उच्चारले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुसरी बैठक झाली, तिचा वृत्तांत देतो.

मोबाईल या वेळी पानाच्या डब्याआड ठेवला (तात्यांना सांगून, लपवून नव्हे), ट्रंक खाली उतरवली आणि माणदेशी यांच्या सल्ल्याप्रमाणे जेवणापासून सुरुवात केली. दोन तास दहा मिनिटे झाली आणि सगळे मराठीत.

जमालपूरची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले आणि समोरच्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मी उत्साहाने ती काढली तर तात्या म्हणाले, “ते साहेबलोकांचं. आम्हाला ते सहा महिन्यांनी कळलं.” त्यांना त्या वेळी ठाऊक होते ते एवढेच की टांगाईलकडे जाणारा रस्ता आपण अडवून बसलो आहोत आणि रात्री त्या रस्त्याने कोणी आले तर सोडायचे नाही. १० डिसेंबरच्या रात्री ते आले. त्या रात्रीविषयी तात्या फार थोडे बोलले आणि सागरवेळ यांचे लिहिणे आठवून मी विचारले नाही. सकाळचे मात्र त्यांनी सविस्तर सांगितले. लंगरमधून बादलीतून चहा आला, आपला चहाचा मग पुढे करायला गेले तर उजव्या हाताची बोटे रायफलच्या आकारात आखडून राहिलेली, उघडेनात. डाव्या हाताने एकेक बोट सरळ करावे लागले आणि ते होईपर्यंत चहावर साय आली. हे सांगताना त्यांनी नकळत तसाच हात धरला होता, आणि मोबाईल पानाच्या डब्याआड असल्यामुळे चित्रीकरणात तो हात दिसत नाही याची मला चुटपुट लागली आहे.

चौकस यांच्यासाठी. मुद्दाम विचारले की पॅराशूटवाले उतरताना पाहिले का? आधी “हो” म्हणाले. तासाभराने कपड्यांविषयी बोलताना पुन्हा विषय काढला तेव्हा थोडे थांबले आणि म्हणाले, “विमानं बघितली. छत्र्यांचं नंतर ऐकलं.” दोन्ही उत्तरे तशीच ठेवली आहेत.

आता एक विनंती. तात्यांना आपल्या सेक्शनमधल्या माणसांची नावे सांगायची होती, बोटांवर मोजून त्यांनी आठ सांगितली आणि एकावर अडले. तो कोकणातला होता, रत्नागिरीकडचा, अंगाने बारीक, आणि संध्याकाळी सगळी पलटण त्याच्याभोवती गोळा व्हायची, कारण तो सर्वांची पत्रे लिहून द्यायचा. रात्री दोनदा उठून तात्यांनी मला हाक मारली, दोन्ही वेळा नाव वेगळे सांगितले आणि दोन्ही वेळा “हे नव्हे” म्हणाले. रानजाई, तुमच्या वडिलांची पलटण कोणती होती? त्या पत्रांवर लिहिणाऱ्याचे काही नाव-गाव आहे का?

रानजाई

वडील आमच्या माहितीप्रमाणे पहिल्या मराठात नव्हते, त्यामुळे माणूस तोच असेल असे वाटत नाही. तरीही आज आईकडून पत्रे काढून घेतली आणि सतरा पत्रे ओळीने लावून पाहिली. सगळ्यांचे अक्षर एकच आहे. मजकूर संपल्यावर, वडिलांच्या अंगठ्याच्या ठशाखाली, प्रत्येक पत्रात एक ओळ आहे, जी मास्तरांनी आईला कधी वाचून दाखवली नसावी, कारण ती ऐकून तिला आज पहिल्यांदाच कळली: “पत्र लिहिणाराचा वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.” नाव नाही. एका पत्रात तेवढे ‘वहिनी’ खोडून ‘ताई’ केले आहे.

उद्या दुपारी उजेडात छायाचित्रे काढून इथे टाकते. तात्यांना अक्षर दाखवून पाहा.